ठमाबाईंनी धुतलेला लांडगा

लांडगा बघितलाय का तुम्ही? मोबाईलमधला सांगू नका. समोर उभा राहिलेला, डोळ्याला डोळा देणारा, तुम्हाला बघून न पळणारा?

नसेल बघितला. मग फ्लेक्सवर "आम्ही भूमिपुत्र" असं कुठल्या तोंडानं छापता? खरा भूमिपुत्र तो होता. जळोचीपासून पार इंदापूरपर्यंत आज जिथं ऊस उभा आहे, द्राक्षाचे मांडव आहेत, प्लॉटिंगचे पांढरे दगड रोवलेत, तिथं माळ होता आणि त्या माळावर त्याचं येणंजाणं होतं. आपण पाणी आणलं, चांगलंच केलं. पोटं भरली. त्याबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. पण ज्याची जागा घेतली त्याचं तोंड तरी ओळखता यावं की नाही?

ओळखायचं असेल तर सोय आहे. बारामतीतून इंदापूर रस्त्याला लागलात की एका शिक्षण संस्थेचं जुनं वसतिगृह दिसतं. संस्थेचं नाव मुद्दाम घालत नाही. मला काम करून घ्यायचंय, बदनामी नाही. त्या आवारात मागच्या अंगाला एक लांबट कौलारू हॉल आहे. तेच आपलं प्राणी संग्रहालय. आत पेंढा भरलेला लांडगा आहे, तरस आहे, खोकड आहे, एक चिंकारा मादी आहे. माळढोकाचा नुसता एक पंख आहे, कारण बाकीचा माळढोक मिळालाच नाही. उजनीच्या पाण्याकाठी मेलेला एक रोहित पक्षी एका पायावर उभा आहे. बरण्यांतून साप आणि मासे आहेत. वाघ नाही, सिंह नाही, हत्ती नाही. सगळे आपल्याच शिवारातले, म्हणून कुणी बघायला येत नाही. गावच्या देवाला नवस कोण करतो?

या हॉलची किल्ली ज्यांच्या कमरेला असते, त्या ठमाबाईंबद्दल हे लिहितोय.

ठमाबाई मूळच्या जळोचीच्या. जळोचीत तेव्हा घरं कमी आणि कुसळं जास्त होती. लहानपणी त्या शेरडं राखायच्या. लग्न झालं ते ट्रकवरच्या माणसाशी. तो महिन्यातून चार घास खायला घरी यायचा. पोट भरायला बाई वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाकरी थापायला लागल्या आणि चूल बंद होऊन गॅस आला तरी तिथंच राहिल्या. पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा संस्थेनं त्यांना या हॉलवर शिपाई म्हणून बसवलं. बसवलं म्हणायचं एवढंच. हॉलवर बाईंना बसलेलं मी कधी बघितलं नाही.

एखाद्या शाळेची सहल चुकून आत शिरली तर बाई दारातच आडव्या उभ्या राहायच्या. "वळीनं या. त्यो पळत न्हाय," म्हणायच्या. मग प्रत्येक पोराचा पंजा धरून लांडग्याच्या पाठीच्या उंचीला हवेत नेऊन ठेवायच्या, हात लावू द्यायच्या नाहीत. "एवढा व्हता. आता बघा तुमी केवढं हाय." पोरं हरखून जायची. शिक्षक बाहेर सेल्फी काढत असायचे.

लांडग्यावर बाईंचा जीव जास्त होता, आणि त्याला कारण होतं.

हा लांडगा कडबनवाडीच्या माळावरचा. सोलापूर रस्त्यावर एका मालट्रकनं त्याला उडवला. आप्पासाहेब म्हणून विज्ञानाचे मास्तर होते, ज्यांनी हा सगळा संग्रह उभा केला. त्यांनी वनखात्याची रीतसर परवानगी घेऊन तो जीपमधून वसतिगृहावर आणला. वसतिगृहातल्या पोरांनीच तो खाली उतरवला. कातडं काढून झालं आणि मास्तरांच्या लक्षात आलं की मीठ आणायचं राहिलंय. मीठ भराभरा चोळलं नाही तर कातडं सडणार. दुकानं बंद. मास्तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. तेव्हाच्या तरण्या ठमाबाईंनी खड्या मिठाचं अख्खं पोतं त्यांच्या पुढ्यात ओतलं आणि स्वतः बाह्या मागं सारून चोळायला बसल्या. पुढचं मीठ येईपर्यंत पोरं आळणी आमटी जेवली. पोरांनी ताटल्या वाजवल्या, घोषणा दिल्या. बाईंनी डाव उगारून सांगितलं की तुमचं मीठ लांडग्यानं खाल्लंय, त्याच्याकडं जाऊन मागा.

तेव्हापासून तो लांडगा बाईंचा. मास्तर त्याचे धनी असतील, पण हात बाईंचे लागलेले.

आप्पासाहेब निवृत्त झाले तरी दरवर्षी घटस्थापनेआधी यायचे. मऊ ब्रश घेऊन, दार लोटून घेऊन एकेका प्राण्यावरची धूळ झाडायचे. कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. काय करतात, कसं करतात, कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात मास्तर वारले. नवरात्र जवळ आलं आणि ब्रश घेऊन कुणीच आलं नाही.

आता आपल्याकडं नवरात्राआधी बाया दसरा काढतात हे तुम्हाला सांगायला नको. गोधड्या, वाकळा, भांडी, डबे, घरात असंल नसंल ते सगळं कॅनॉलला नेऊन धुवायचं. न धुतलेली वस्तू घरात ठेवून घट बसवायचे नाहीत. ठमाबाईंनी घरचा दसरा काढला आणि मनात आलं, मास्तर गेले, मग ह्यांचा दसरा कुणी काढायचा? हे काय बिनधन्याचे हायत?

त्यांनी लांडगा अंगणात आणला. पाणी कोमट केलं. धुण्याची पावडर वापरली नाही, केस राठ होतील म्हणून. शिकेकाई उकळली. लेकराला न्हाऊ घालावं तसं त्याला न्हाऊ घातलं, पोटाखालून, कानामागून, शेपटीपर्यंत. मग वाळायला उन्हात ठेवला आणि तरस आणायला आत गेल्या.

तरसाच्या पाठीवर तांब्या रिकामा केला तेवढ्यात मागं काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. बाईंनी वळून बघितलं. लांडग्याचं पोट उसवलं होतं. ओल्या कातड्याला ऊन लागलं की ते आवळतं, आणि आवळलं की शिवण सोडतं. आतून ओला भुसा भडाभडा बाहेर पडत होता. बाई धावल्या, त्याला टॉवेलानं टिपायला गेल्या, तर उजवा कान हातात आला.

दुसरी कुणी असती तर लांडगा कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून ठेवला असता आणि वर्षभर कुणाला पत्ता लागला नसता. बाई तो कान पदरात घेऊन तडक संस्थेच्या ऑफिसात गेल्या. सचिवांच्या टेबलावर पदर सोडला. म्हणाल्या, "सायेब, लांडगा माझ्या हातनं गेला."

सचिव विजयसिंह. वय चाळिशीच्या पुढं, शिकलेला, हिशोबी माणूस. याच वसतिगृहात राहून शिकला. बाईंच्या हातच्या भाकरीवर वाढलेला. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं समजुतीच्या सुरात सांगितलं की बाई, तुमचा हेतू चांगला होता, पण आता हे खराब झालेलं सामान ठेवणं संस्थेला परवडणार नाही. वनखात्याला कळवू. ते पंचनामा करतील, सगळं घेऊन जातील आणि नियमाप्रमाणं जाळतील. त्या हॉलमध्ये अभ्यासिका करू.

'सगळं' म्हणाला. एक लांडगा उसवला म्हणून चिंकाराही जाणार, रोहितही जाणार, माळढोकाचा पंखही जाणार.

बाईंनी मला बोलावलं. जळोचीच्या पाण्याच्या टाकीवरून मी आणि बाई एकदा एका बाजूनं भांडलो होतो, तेवढी ओळख. मी कायदा कॉलेजात शिकलेलो नाही. लोकांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. पण शिकलो तो पक्का. मी विजयसिंहाच्या ऑफिसात गेलो ते दार आपटूनच. हा जनतेचा ठेवा आहे, तुझ्या वडिलांची इस्टेट नाही, उद्या तहसीलसमोर उपोषणाला बसतो, असं सगळं ऐकवलं. तो चष्मा पुसत म्हणाला, "बसा की, सोपानराव. फक्त थंडी पडायच्या आत बसा. मागच्या टायमाला तुम्हाला खोकला झाला होता."

मग त्यानं मला खिडकीशी नेलं. समोरच्या मारुतीच्या मंडपात पोलीस भरतीची आणि तलाठी परीक्षेची पोरं पुस्तकं घेऊन बसली होती. कुणी पायरीवर, कुणी चप्पल बुडाखाली घेऊन. भजनाची वेळ झाली की त्यांना उठावं लागतं, तो म्हणाला. या पोरांना छप्पर देऊ, की मेलेल्या तरसाला?

त्याचं बोलणं चूक होतं असं म्हणायला माझी जीभ वळवळत होती. म्हणता आलं नाही. त्यानं डोकं अजून फिरलं.

बाहेर पायरीवर बाई बसल्या होत्या, म्हणजे उभ्याच होत्या, भिंतीला टेकून. मी उपोषणाचं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सोपानराव, तुमी उपाशी बसाल आनि त्यो तसाच उसवून पडंल. मला उपाशी मानूस नको. शिवनारा मानूस पायजे."

आणि त्या आत गेल्या. विजयसिंहाकडं त्यांनी दिवाळीची सुट्टी संपेपर्यंतची मुदत मागितली. लांडगा पहिल्यासारखा उभा करीन म्हणाल्या. नाही झाला तर वनखात्याच्या गाडीत मीच माझ्या हातानं घालून देईन, मग कुणी एक शब्द बोलणार नाही. सुट्टीत गवंडी मिळतच नाहीत, त्यामुळं त्याचं काही जात नव्हतं. तो हो म्हणाला.

माझ्या वाट्याला कागद आले. दुरुस्ती जागेवरच करायची, काहीही आवाराबाहेर न्यायचं नाही, या अटीवर मी वनखात्याकडून परवानगी आणली. पुण्याच्या एका संग्रहालयातल्या जाणत्या माणसाला फोन लावला. त्यानं आधी शिकेकाईचं दोनदा विचारून घेतलं. मग सांगितलं की जुन्या कातड्यांना विषारी पावडर लावलेली असते, हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका, भरण सगळं काढा, सावलीत वाळवा. बाईंच्या बोटांना तोवर भेगा पडल्या होत्या आणि त्यांनी त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या. मी सरळ दवाखान्यात नेलं. नंतर द्राक्षवाल्याचा फवारणीचा मास्क तोंडावर चढवून बाईंनी लांडगा रिकामा केला. पोटातून काथ्या निघाला, भुसा निघाला आणि वसतिगृहाच्या गव्हाच्या पोत्याची चवाळी निघाली. ती चवाळी बाईंनी लगेच ओळखली. "मास्तरानं माझं पोतं बी न्हाय सोडलं," म्हणाल्या.

तरसाची नुसती पाठ भिजली होती, ते सावलीत आपोआप वाळलं. लांडगाही वाळवला, भरला. शिवायचं राहिलं. बाईंनी गोधडीची सुई घातली तर दोरा कातड्याला चिरत गेला. बारामतीत कुशनवाल्याकडं गेलो. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, सोफा म्हणाल तर शिवतो, गाडीची सीट म्हणाल तर शिवतो, लांडगा आमच्या रेटकार्डात नाही. दुसऱ्यानं मेलेल्याला हात लावत नाही म्हणून सांगितलं. त्याच्या दुकानात चामड्याचा सोफा होता, तो काय जिवंत होता का, असं मी विचारलं. त्यामुळं तिथूनही निघावं लागलं.

शेवटी बाईंनाच सुचलं. सोमेश्वरनगरला ऊसतोडीच्या टोळ्या उतरायला लागल्या होत्या. बैलगाड्या आल्या की बैलांचं सामान आलं, म्होरक्या आल्या, पट्टे आले, आणि ते शिवणारा जोतीराम आला. दर सीझनला तो कारखान्याच्या वाटेवर बाभळीखाली ताडपत्री टाकून बसतो. त्याचं नाव बाईंनी ऐकलेलं होतं.

मी गाडी काढली. बाई मागं बसल्या, मांडीवर स्टीलचा डबा. वडगाव निंबाळकरला चहाला थांबलो. मला भूक लागली होती. म्हटलं, बाई, डब्यात भाकरी आहे का?

"न्हाय. कान हाय."

मी चहा सांडला. अहो, आवाराबाहेर काही न्यायचं नाही म्हणून मी सही करून आलोय, गुन्हा आहे हा, दोघं आत जाऊ, असं मी त्या हॉटेलात उभा राहून ओरडलो. लोक बघायला लागले. बाईंनी शांतपणे बशीत चहा ओतला. "त्याला दावल्याबिगर त्यो येनार कसा? आख्खा लांडगा आनला असता तर चाललं असतं व्हय?"

परत फिरलो असतो तर दिवस गेला असता. डबा परत उघडायचा नाही, या बोलीवर पुढं गेलो. बाईंनी बोली मोडली.

बाभळीखाली गाडीवानांची रांग होती. कारखान्याचा बॉयलर पेटलेला, पहिली मोळी पडून गाळप सुरू व्हायला थोडाच अवधी, आणि प्रत्येकाला आपलं सामान आधी हवं. जोतीराम मान वर न करता आरी चालवत होता. नायलॉनचा पट्टा, जुना टायरचा पट्टा, मधूनच एखादं खरं चामडं. बाईंनी डबा उघडून त्याच्यापुढं धरला.

"मावशी, आमी बैलाचं शिवतो," तो म्हणाला. "ह्यो कुत्र्याचा कान घिऊन कुटं आला?"

"कुत्र्याचा न्हाय. लांडग्याचा."

शेजारी बांधलेल्या खिलार बैलानं त्याच वेळी जोरात फुरफुरून दावं ताणलं. वासानं की गर्दीनं, देव जाणे. पण गाडीवान उठलेच. डबा झाका, नाहीतर आख्खा तळ बुजंल, मग आमची बैलं काय तुमी हुडकून आणणार का, असा गिल्ला झाला. मी डबा झाकला. खरं सांगतो, आनंदानं झाकला.

जोतीरामला काम करायचं नव्हतं असं नाही. त्याच्या डोळ्यांत दिसत होतं, असलं कातडं त्याच्या हाताखाली कधी आलं नव्हतं. पण तो तिथून हलला असता तर रांग खोळंबली असती, आणि इथं आणून शिवायचं तर कायदाही आडवा आणि बैलही. त्यानं हात पुसत सांगितलं की हाताखाली माणूस असता तर एक दिवस काढला असता. पण माणूस कुठाय?

बाई पदर खोचून त्याच्या शेजारी ताडपत्रीवर बसल्या. गाडीवरचं सोडलं तर मी त्यांना बसलेलं बघितलं ते तेवढंच.

"मग सावड करू," त्या म्हणाल्या. "मी तुज्याकडं राबते. तू माज्याकडं ये."

सावड म्हणजे तुम्हाला माहीत आहे. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. भांगलणीला होते, कांदा लावणीला होते. लांडगा शिवायला सावड केलेली मी तरी पहिल्यांदाच बघत होतो. जोतीराम हसला नाही. सावड म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं, हे त्यालाही उमगेना. त्यानं मेणाचा गोळा आणि दोऱ्याचं रीळ बाईंपुढं सारलं.

मग दिवाळीपर्यंत बाई रोज सकाळच्या एसटीनं सोमेश्वरनगरला जायच्या. दोऱ्याला मेण चोळायच्या, पट्ट्याला भोकं पाडायच्या, कड्या ठोकायच्या. डॉक्टरनं मलम दिलेल्या बोटांवर चिंध्या गुंडाळून. गाडीवान चेष्टा करायचे. जोतीराम, नवीन कारागीर ठेवलीस का, पगार परवडतो का, असं चालायचं. एकाला बाईंनी ऐकवलं, "तुज्या बैलाची म्होरकी मीच शिवलीया. तुटली तर माझ्या नावानं शिव्या दे, पन आधी ती बैलाला घाल तर." जोतीराम कोपऱ्यातल्या फाटक्या पट्ट्यावर त्यांना आरी धरायला शिकवायचा, आणि चुकल्या की त्यांच्याच वयाचा असल्यासारखा रागवायचा. त्या ऐकून घ्यायच्या.

अमावास्येला बैल जुपायचा नाही, हा आपला जुना दंडक. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आली, तळावर बैल सुटे राहिले आणि बाभळीखाली रांग नव्हती. त्या दिवशी जोतीराम बापाची जुनी आरी फडक्यात गुंडाळून बारामतीला आला.

आधी तो लांडग्याभोवती नुसता फिरला. त्यानंही लांडगा कधी बघितला नव्हता. आयुष्य उसाच्या फडात गेलेलं. विचारलं, मावशी, ह्यो जिता असताना उभा कसा राहायचा? कातडं कुठं ताणायचं, कुठं सैल सोडायचं, ते कळल्याशिवाय टाका घालता येणार नव्हता.

बाईंनी सांगितलं नाही, करून दाखवलं. हॉलच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या, मान खांद्याच्या खाली घातली, पाठ सरळ ठेवली आणि आमच्याकडं बघितलं. दुखरे गुडघे, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. लहानपणी जळोचीच्या माळावर एक करडू तोंडात धरलेला लांडगा असाच थांबून त्यांच्याकडं बघत होता, आणि मग पाठ फिरवून सावकाश गेला होता. पळाला नव्हता. बाईंनी एवढंच सांगितलं. दोघांनी हातमोजे चढवले, आणि जोतीरामनं आरी घातली.

कातडं ओलं फडकं लावून मऊ करायचा, ताणायचा, टाका घालायचा. बाई समोरून कडा धरायच्या. पोटाची शिवण त्यानं बैलाच्या पट्ट्याला घालतात तशीच घातली, काळ्या मेणाच्या दोऱ्यानं, दुहेरी. कातडं आवळलेलं असल्यामुळं ती लपली नाही. कान शेवटी बसवला. तो जरा मागं वळलेला बसला. जोतीराम परत काढून लावतो म्हणाला. बाईंनी बघितलं आणि राहू दे म्हणाल्या. पाठीमागनं कुणी येतंय का, ऐकत असंल.

बाहेर पोरं फटाके वाजवत होती. जोतीराम चहाही न घेता निघाला, तळावर त्याच्या बायकोनं दिवे लावायचे ठेवले होते म्हणून. जाताना लांडग्याच्या पाठीवर एकदा हात फिरवला आणि बाईंना म्हणाला की सावड फिटली, पण बोटं बरी झाली की या, कामाचं माणूस आहात.

सुट्टी संपली. विजयसिंह आला. तो हॉलच्या दारात थांबला, मग आत आला, लांडग्याभोवती एक फेरी मारली, वाकून पोट बघितलं.

"शिवण दिसतीय, बाई."

"दिसू द्या. माज्या हातनं उसवलं, माज्यासमोर शिवलं. लपवायचं काय हाय त्यात?"

मी बोलणार होतो. भाषण तयार होतं. बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की ते तसंच राहिलं. विजयसिंहानं अभ्यासिकेचा विषय काढला. पोरांची परीक्षा जवळ आलीय, म्हणाला. लांडगा उभा राहिला हे मान्य, पण पोरं अजून मंडपातच आहेत.

"मग बाकडी आना की," बाई म्हणाल्या. "बसू द्या पोरास्नी हितंच, मधी. ही जनावरं काय मोठ्यानं बोलत न्हाईत. तरस तर कवाच झोपलंय. आनि सायेब, एक ध्येनात ठेवा. ह्याच्या कातड्याला चोळलेलं मीठ तुमच्या आमटीतलं हाय. आठवीला व्हता तुमी. सगळ्यात जास्त ताटली तुमीच बडवली व्हती. मी म्हनले व्हते, न्हाय झाला तर माज्या हातानं गाडीत घालते. आता त्यो झालाय. आता घालायचा तर तुमच्या हातानं घाला. मी दार उघडून धरते."

आणि बाईंनी खरंच जाऊन दोन्ही दारं उघडून धरली.

विजयसिंह त्या दारांकडं बघत राहिला. मग त्याला हसू आलं. ते साहेबाचं नव्हतं, वसतिगृहातल्या पोराचं होतं. म्हणाला, दोन दिवस आळणी जेवलो होतो, आईला पत्र पाठवलं होतं की इथं माणसापेक्षा लांडग्याला जपतात.

पण हिशोबी माणूस हिशोबीच. त्यानं निर्णय दिला तो असा: आठवडाभर हॉलमध्ये अभ्यासिका, प्राणी भिंतीलगत. रविवारी बाकडी बाहेर आणि संग्रहालय उघडं. हे पुढच्या वर्षी शाळा भरेपर्यंत. तोवर लोक आले तर प्राणी कायम राहतील, तो स्वतः काचा करून घेईल. रविवारी हॉल मोकळाच राहिला तर वनखात्याची गाडी येईल, आणि तेव्हा बाईंनी पुन्हा मुदत मागायची नाही. बाईंनी विचारायला वेळ घेतला नाही. हो म्हणाल्या.

आता पोलीस भरतीची पोरं लांडग्याच्या समोर बसून भूगोल पाठ करतात. एक पोरगा म्हणत होता की मोबाईल हातात घेतला की हा बघतो. बाई त्यांना ओरडतात, चहाचे कप तरसापाशी ठेवू नका म्हणून. रविवारी सकाळी त्या स्वतः बाकडी ओढून बाहेर काढतात. कुणी मदतीला गेलं तर चालतं, पण ब्रश कुणाच्या हातात देत नाहीत. आता त्यांच्याकडं मऊ ब्रश आहे, आणि येत्या नवरात्रात पाण्याचा तांब्या हॉलच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही.

पहिल्या रविवारी जी माणसं आली ती नारळ आणि गुलाल घेऊन आली. धुतलेला लांडगा जिता झाला, असं कुणीतरी पसरवलं होतं. बाईंनी नारळ दारातच काढून घेतले आणि सगळ्यांना वळीनं आत सोडलं. पुढच्या रविवारी तेवढीही माणसं आली नाहीत.

म्हणून मागणं तुमच्याकडं आहे, वाचणाऱ्याकडं. मी सरकारकडं मागून मागून दमलेला माणूस आहे, तुमच्याकडं पहिल्यांदाच मागतोय. येत्या रविवारी या. एसटीनं या, ट्रॅक्टरवर बसून या, कारखान्यावरून येताना वाट वाकडी करून या. नारळ आणू नका, फूल आणू नका. घरातली पोरं आणा. हात लावू देऊ नका त्यांना, बाई त्यांचा पंजा धरून हवेत नेतील तेवढा नेऊ द्या. आणि पोटावरची ती काळी शिवण दिसली की बाईंना विचारा, ही कुणी घातली. एवढं विचाराच.